मोहोर, ताईत आणि दागिना

माणसाच्या गळ्याकडे पाहून माणूस ओळखण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. तुळशीची माळ दिसली, की आपण म्हणतो, हा माळकरी. काळ्या मण्यांची पोत दिसली, की ही सवाष्ण. काळ्या दोऱ्यातला ताईत दिसला, की समजावे, घरात कोणाला तरी दृष्टीची धास्ती आहे. आणि गळ्यात क्रूस दिसला, की हा ख्रिस्ती. एवढे झाले की ओळख पुरी झाली, असे आपल्याला वाटते.

ती खरोखर पुरी होते का, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. आणि तो ठेवण्यासाठी मी थोडा दूरचा विषय निवडला आहे. पहिल्या चार-पाच शतकांतले ख्रिस्ती लोक भक्तीची खूण म्हणून अंगावर काय घालीत? आता तुम्ही म्हणाल, अलेक्झांड्रिया आणि अँटिऑकच्या या गोष्टी ठाण्या-कल्याणकडच्या माणसांनी कशाला ऐकाव्यात? त्याला कारण आहे. सहाव्या शतकात आपल्या कल्याण बंदरात ख्रिस्ती लोकांचा बिशप राहत होता. त्याच्याकडे आपण यथावकाश येऊ. आधी थोडी पूर्वपीठिका.

पहिली मौजेची गोष्ट अशी, की त्या आरंभीच्या काळात ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात क्रूस जवळजवळ दिसतच नाही. याचे आपल्याला नवल वाटते, पण थोडा विचार केला म्हणजे वाटू नये. क्रूस हे त्या काळी सरकारी शिक्षेचे साधन होते. गुलामाला, बंडखोराला भर रस्त्यात त्यावर खिळून मारीत. ज्याने असे मरण डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला त्याची प्रतिकृती सोन्यात घडवून घ्यावीशी वाटणे कठीणच. शिवाय आपला धर्म चारचौघांत मिरवावा असे ते दिवस नव्हते. राज्यकर्त्यांची मर्जी फिरली, तर जिवावर बेतण्याची भीती होती.

मग ते घालीत काय? तर बोटात अंगठी. आणि तीही शोभेची नव्हे, मोहोरेची.

अंगठी ही मुळात मुद्रिका होती, हे आपल्याला निराळे सांगायला नको. हनुमंताने अशोकवनात सीतेपुढे ठेवली ती रामाची ओळख. शकुंतलेची अंगठी हरवली, तेव्हा तिची ओळखच हरवली. रोमन घरातही अंगठीचे काम हेच असे. पत्र, हिशेब, कोठाराचे दार, तेलाचा बुधला या सगळ्यांवर मेण किंवा माती लावून तीवर अंगठीचा ठसा उमटवायचा. ठसा मोडला म्हणजे समजावे, कोणी हात घातला. म्हणून अंगठी हवीच; ती काही चैन नव्हे. अडचण एवढीच, की बाजारात मिळणाऱ्या अंगठ्यांच्या खड्यांवर चित्रे कोरलेली असत, आणि ती बहुधा देवादिकांची, प्रेयसीची, नाहीतर मद्याच्या प्याल्यांची. नव्या धर्माच्या माणसाने यातले घ्यावे काय?

या प्रश्नाचे उत्तर अलेक्झांड्रिया शहरातल्या एका शिक्षकाने देऊन ठेवले आहे. त्याचे नाव क्लेमंट. इ. स. 200 च्या सुमारास त्याने रोजच्या वागणुकीविषयी एक ग्रंथ लिहिला. जेवावे कसे, हसावे किती, कपडे कोणते वापरावेत, असा सगळा संसारी विचार त्यात आहे. अंगठीविषयी तो सांगतो, की घरातल्या वस्तूंवर मोहोर करण्यापुरती ती जरूर असावी. तिच्यावर कबूतर चालेल, मासा चालेल, वाऱ्यावर निघालेले गलबत चालेल, वीणेसारखे वाद्य चालेल, नांगर चालेल. मूर्तीचा चेहरा मात्र नको. जो शांतीच्या मार्गाने निघाला आहे, त्याने तलवार किंवा धनुष्य कोरून घेऊ नये. आणि ज्याने संयम पत्करला आहे, त्याच्या बोटात प्याल्याचे चित्र शोभत नाही.

ही यादी जरा निरखून बघा. यात खास ख्रिस्ती असे एकही चित्र नाही. गलबत, नांगर, वीणा, मासा ही सारी त्या बाजारात आधीपासून विकली जाणारी चित्रे. ज्या सोनाराकडून शेजारचा माणूस अंगठी घेई, त्याच्याकडूनच ख्रिस्ती माणूसही घेई. शेजाऱ्याला मासा दिसे तो नुसता मासा. याला मात्र त्यात आपल्या प्रभूचे नाव दिसे. कारण माशाला जो ग्रीक शब्द आहे, त्याच्या पाच अक्षरांनी आरंभ होणारे पाच शब्द जुळवले, की ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ असा अर्थ निघतो. नांगर म्हणजे आशा. आणि नांगराच्या दांड्याला आडवी पट्टी असतेच, ती पाहणाऱ्याने पाहावी. वस्तू उघडी, अर्थ झाकलेला.

मेंढपाळाचेही तसेच. खांद्यावर कोकरू घेतलेला तरुण ग्रीक शिल्पात ख्रिस्ताच्या शेकडो वर्षे आधीपासून आहे. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर घाटावर परतणारा धनगर दमलेले पिल्लू जसे मानेवर टाकतो, अगदी तसा. ख्रिस्ती लोकांनी तो उचलला आणि त्याला आपला ‘उत्तम मेंढपाळ’ मानले. इस्राएलच्या किनाऱ्यावर कैसरिया येथे बुडालेल्या एका गलबताच्या अवशेषांत अशी एक सोन्याची अंगठी सापडली. ती 2021 च्या डिसेंबरात तिथल्या पुरातत्त्व खात्याने जाहीर केली. अंगठी आठ कोनांची, खडा हिरवा, आणि त्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. काळ तिसऱ्या शतकाचा. घालणारा बारीक हाताचा असावा, कारण अंगठी लहान आहे.

इथपर्यंत सारे ठीक चालले होते. पण माणूस नुसत्या मोहोरेवर समाधान मानीत नाही. त्याला भीती असते. मूल आजारी पडते, प्रवासात दगा होतो, रात्री दचकून जाग येते. मग त्याला वाटते, अंगावर काहीतरी राखणारे हवे. म्हणजे ताईत आला.

ताईत म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. धातूची लहानशी नळी, तिच्यात गुंडाळलेला मजकूर, आणि वर दोरा. नेमकी अशीच एक वस्तू जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराच्या हद्दीत, निडा या जुन्या रोमन गावाच्या दफनभूमीत, 2018 साली मिळाली. पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांच्या एका पुरुषाच्या सांगाड्याच्या हनुवटीखाली साडेतीन सेंटिमीटरची चांदीची नळी होती. आत कागदाइतका पातळ चांदीचा पत्रा वळकटी करून घातलेला. तो उलगडायला जावे तर त्याचे तुकडे होणार. तेव्हा 2024 साली मुळीच हात न लावता, क्ष-किरणांनी त्याची छायाचित्रे घेऊन, यंत्रावर तो उलगडला. निघाल्या अठरा ओळी लॅटिनच्या, आणि त्यांत येशू ख्रिस्ताचे नाव. इ. स. 230 ते 270 च्या दरम्यानची ही वस्तू. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला ख्रिस्ती धर्म असल्याचा याहून जुना पुरावा आज दुसरा नाही. म्हणजे गंमत पाहा: अर्ध्या युरोपातला सर्वांत जुना ख्रिस्ती माणूस आपल्याला भेटतो, तो चर्चमध्ये नव्हे, गळ्यातल्या ताइतामुळे.

धर्मगुरूंना हे रुचले असेल का? मुळीच नाही. चौथ्या शतकात लाओदिकिया येथे भरलेल्या धर्मसभेने पुरोहितांना ताईत करून देण्याची मनाई केली, आणि ते घालणारांना मंडळीबाहेर काढावे असेही ठरवले. मनाई करावी लागली याचा अर्थ पुरोहितच ताईत करून देत होते, हा भाग निराळा. त्याच शतकाच्या अखेरीस अँटिऑकचा प्रसिद्ध वक्ता योहान, ज्याला लोक ‘सुवर्णमुखी’ म्हणत, त्याने आपल्या प्रवचनांत यावर कोरडे ओढले आहेत. बायका शुभवर्तमानाच्या छोट्या पोथ्या गळ्यात अडकवतात. पण शुभवर्तमान गळ्यात बांधायचे की मनात ठेवायचे, असा त्याचा सवाल. आणखी एका गोष्टीने तो फार चिडे. नुकतेच ख्रिस्ती झालेले लोक अलेक्झांडर बादशहाची तांब्याची नाणी डोक्याला आणि पायाला बांधून हिंडत. क्रूस मिळाल्यावर मेलेल्या राजाच्या नाण्यात कसली शक्ती शोधता, असे तो विचारी. लोक ऐकत आणि नाणी बांधीतच राहत, असे दिसते. नाहीतर पुन्हा पुन्हा बोलावे लागते ना.

तोवर काळ पालटला होता. इ. स. 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीत ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. लपवण्याचे कारण उरले नाही. क्रुसाची शिक्षाही पुढे बंद पडली, आणि ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती ती पिढी सरली. तेव्हा कुठे क्रूस गळ्यात आला. आणि आला तो सोन्यात आला. जेरुसलेमच्या क्रुसाच्या लाकडाची म्हणून जी ढलपी मिळे, ती सोन्यात मढवून पुरुष आणि बायका गळ्यात घालीत, असे हा सुवर्णमुखीच लिहून ठेवतो. मोहोरेचा ताईत झाला होता, ताइताचा आता दागिना झाला. एकदा सोनाराने हात घातला म्हणजे वजनाची चौकशी आलीच. शेजारणीचा क्रूस किती तोळ्यांचा, हा प्रश्न त्या बायकांनी विचारला नसेल असे मला वाटत नाही.

पण याच काळातली एक हकीकत आहे. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात मॅक्रिना नावाची एक विरागिणी होती. घर श्रीमंत, तिने सारे वाटून टाकले आणि पूर्वीच्या दासींबरोबर एका पंक्तीला बसून आयुष्य काढले. इ. स. 379 मध्ये ती वारली. तिचा भाऊ ग्रेगरी हा बिशप होता, आणि त्याने तिचे चरित्र लिहिले आहे. अंत्यसंस्काराच्या वेळी देहावर घालायला घरात चांगले वस्त्रही निघेना. तिला सजवताना एका सोबतिणीच्या हाताला गळ्यातली बारीक दोरी लागली. दोरीत एक लोखंडी क्रूस आणि एक लोखंडी अंगठी. दोन्ही छातीशी, वस्त्राच्या आत. अंगठीच्या कोंदणाखाली पोकळी होती, आणि तिच्यात त्या पवित्र लाकडाचा कण. ग्रेगरीने क्रूस त्या सोबतिणीला दिला आणि अंगठी स्वतः ठेवली. बहिणीच्या इस्टेटीची वाटणी ती एवढीच.

या हकीकतीत मोहोर आहे, ताइतासारखी पोकळी आहे, क्रूसही आहे. फक्त सोने नाही आणि पाहणारा कोणी नाही. वस्तू त्याच, घालण्याची रीत निराळी. मला वाटते, सगळा वाद या एका फरकावर येऊन थांबतो.

आता आपण आपल्या बाजूला येऊ. इ. स. 550 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्याच एका व्यापाऱ्याने आपल्या प्रवासांच्या आधारे एक ग्रंथ लिहिला. ‘हिंदुस्थानचा प्रवासी’ या अर्थाच्या कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस या नावाने तो ओळखला जातो. मिऱ्यांच्या मुलखात, म्हणजे मलबारात, ख्रिस्ती मंडळी असल्याचे तो सांगतो. आणि पुढे ‘कल्लियाना’ नावाच्या ठिकाणी इराणात दीक्षा घेतलेला बिशप असतो असे लिहितो. या बंदरातून तांबे-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड परदेशी जाते, हेही तो नोंदवतो. हे कल्लियाना म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरचे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्या बिशपच्या गळ्यात किंवा बोटात काय असेल? कॉस्मस दागिन्यांकडे बघत नाही. पण बिशप जिथून आला, त्या ससानी इराणातल्या ख्रिस्ती लोकांच्या मोहरा आज जगातल्या अनेक संग्रहालयांत पाहायला मिळतात. तांबडा अकीक किंवा तसाच एखादा कठीण दगड, मध्ये समभुज क्रूस, किंवा सिंहांच्या मध्ये हात वर करून उभा राहिलेला दानिएल, आणि कडेने पहलवी लिपीत घालणाऱ्याचे नाव. काहींवर ‘ईश्वराचा आधार’ अशा अर्थाचा मजकूर आहे. आणि हाच मजकूर त्या देशातल्या जरथुष्ट्री लोकांच्या मोहरांवरही आहे. म्हणजे इथेही सोनार एक, भाषा एक, मजकूर एक. मधले चित्र तेवढे आपापले.

आणि दगडांचे म्हणाल, तर ते आपल्या बाजूनेही जात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात पैठणहून गाड्यांवर लादून अकीकासारखे दगड भडोच बंदरात नेतात, असे लिहिलेले आहे. कल्याणचे नावही त्याच पुस्तकात आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दात्यांच्या शिलालेखांत कल्याणचा एक सोनार आहे आणि सोपाऱ्याचा एक रत्नकार. ते बौद्ध लेण्यांना दान देत. कल्याणच्या सोनारआळीला गिऱ्हाइकाचा धर्म विचारण्याचे कारण नव्हते, असे यावरून म्हणावेसे वाटते.

या इराणी मंडळींची खूण गोव्यातही उमटली आहे. 2001 साली जुवारी नदीच्या काठी आगशीजवळ पहलवी अक्षरे कोरलेला दगडी क्रूस सापडला. आणि ठाण्याचे म्हणाल, तर 1321 साली चार परदेशी ख्रिस्ती साधक इथे मारले गेले, तेव्हा गावात या पूर्वेकडच्या पंथाची पंधरा घरे होती, असे ओडोरिक नावाच्या इटालियन प्रवाशाने लिहिले आहे. तो नंतर इथे आला, त्या साधकांच्या अस्थी त्याने कापडात गुंडाळून घेतल्या, आणि समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत नेल्या. मॅक्रिनाच्या अंगठीतली ती पोकळी इथे आठवते. माणूस आपल्या श्रद्धेची वस्तू अंगाजवळ ठेवल्याशिवाय प्रवासाला निघत नाही, मग तो कोणत्याही शतकातला असो.

पुढे पोर्तुगीज आले, ठाणे 1737 साली मराठ्यांकडे आले, नंतर इंग्रज आले. ही सारी उलथापालथ ज्यांच्या अंगावरून गेली, त्या इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत राहिली. मासुंदा तलावाकाठच्या चर्चमधून रविवारी बाहेर पडणाऱ्या एखाद्या आजीच्या गळ्यात ती दिसेल, आणि तिच्या मध्यावर क्रूसही. पोत शेजारणीची, क्रूस आपला.

कल्याण-डोंबिवलीत आज याहून बोलका नमुना पाहायला मिळतो. केरळातून नोकरीसाठी आलेली सिरियन ख्रिस्ती कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. 1988 साली त्यांच्यासाठी जो धर्मप्रांत स्थापन झाला, त्याला नाव मिळाले कल्याणचे. कॉस्मसने ज्या इराणी परंपरेचा बिशप नोंदवला, तिच्याच सुरियानी शाखेचा बिशप चौदाशे वर्षांनी पुन्हा कल्याणच्या नावाने बसला. या लोकांच्या विवाहात नवरा वधूच्या गळ्यात ‘मिन्नू’ बांधतो. मिन्नू म्हणजे पानाच्या आकाराचे सोन्याचे चिमुकले पदक, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. ते साखळीत नसते. नवऱ्याकडून वधूला जी साडी मिळते, तिच्यातलेच सात धागे काढून त्यात ओवलेले असते. आता सांगा, ही ताली दक्षिणेतल्या हिंदू घरातली, की ख्रिस्ती? मला वाटते, दोन्ही. क्लेमंटने मासा आणि नांगर बाजारातून उचलायला सांगितला, त्याच रीतीने कोणी तरी ही ताली उचलली आणि तिच्यावर आपली खूण ठेवली.

म्हणून आरंभी जो प्रश्न ठेवला, त्याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. गळ्यातली वस्तू माणसाचे नाव-गाव सांगते, मन सांगत नाही. क्रूस असो, माळ असो की ताईत असो, ती वस्तू मोहोर होते, ताईत होते किंवा दागिना होते, ते घालणारावर अवलंबून आहे. मोहोर म्हणजे दिलेला शब्द. आपल्या माळकऱ्याची माळ ही खरी मोहोर आहे. ती घातली की त्याने काही गोष्टी सोडलेल्या असतात. शांतीच्या वाटेवर निघालास ना, मग बोटात तलवार नको, असे क्लेमंटने सांगितले, तेही हेच. ताईत म्हणजे भीती. तिची थट्टा करू नये, कारण ती सर्वांच्या घरी आहे. आणि दागिना म्हणजे शेजाऱ्याचे डोळे.

हल्ली गळ्याकडे पाहून माणसाविषयी मत बनवण्याचा वेग फार वाढला आहे. सकाळच्या कल्याण-ठाणे लोकलमध्ये आपण एकमेकांच्या इतके जवळ उभे असतो, की शेजाऱ्याच्या गळ्यातल्या पदकावरचे चित्र आपल्याला वाचता येते. आणि ते वाचताच आपण त्याला आपला किंवा परका ठरवून मोकळे होतो. तसे ठरवण्यापूर्वी एवढे आठवावे, की त्या पदकाचा आकार, त्याची कडी, त्याचा दोरा यांतले पुष्कळसे त्याने किंवा त्याच्या पूर्वजाने आपल्याच सोनाराकडून घेतलेले आहे. परके जे काही आहे, ते एखाद्या बारीक मण्याएवढे. आणि तेवढ्यावरून त्याचे मन ओळखू गेलो, तर आपण मॅक्रिनाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो असतो, तिच्या उघड्या गळ्याकडे पाहिले असते, आणि हिच्याजवळ काहीच नाही असे म्हणून परत आलो असतो.